लोकरीची बस्करं

औरंगाबादच्या क्रांती चौकाच्या आसपास, नूतन कॉलनीत, सिल्लेखान्यात, पैठण गेटाकडच्या गल्ल्यांत नाहीतर उस्मानपुऱ्यात ज्यांचं लहानपण सत्तर-ऐंशीच्या दशकांत गेलं, त्यांच्या घरात गालिचा नव्हता. गालिचा सिनेमात दिसायचा. घरात होती ती बस्करं. गोणपाटावर रंगीत लोकरीच्या गाठी मारून, वरून कात्रीने एकसारख्या कापून केलेली, दीड-दोन फुटांची चौकोनी बस्करं. सुलटी मऊ, उलटी खरबरीत. माजघराच्या कोपऱ्यात त्यांची थप्पी असायची आणि त्या थप्पीचा क्रम ठरलेला असायचा. वरची रोजच्या जेवणाची. मधली आल्यागेल्याची. अगदी खाली, जुन्या धोतराच्या फडक्यात गुंडाळलेली, जावयांची आणि महालक्ष्म्यांच्या सवाष्णींची. पानं मांडायला घेतली की आम्ही मुलं थप्पीवर तुटून पडायचो, कारण प्रत्येकाचं बस्कर ठरलेलं होतं. मोराचं थोरल्या दादाचं, कमळाचं ताईचं, आणि ज्याला काहीच उरायचं नाही त्याला चौकड्यांचं.

क्रांती चौकाचं नाव घेतलं की लोकांना आधी इतिहास आठवतो, आणि ते बरोबरच आहे. १८५७ साली हैदराबाद कंटिन्जंटच्या घोडदळातल्या बंड करणाऱ्या शिपायांना इथल्या काळ्या चबुतऱ्यावर मृत्युदंड दिला गेला, त्यावरून चौकाला क्रांतीचं नाव मिळालं. शिवाजी महाराजांचा अश्वारूढ पुतळा, शिवजयंतीची गर्दी, मोर्चे, ९ ऑगस्ट २०१६ चा पहिला मराठा मूक मोर्चा, सगळं याच चौकातलं. पण चौकाला लागून ज्या वस्त्या वाढल्या, त्यांतल्या घरांच्या आतही एक मोठं काम वर्षानुवर्षं चाललं होतं. ते दुपारी चालायचं, स्वयंपाकघर आवरल्यावर आणि शाळा सुटण्याआधी, रेडिओवर विविधभारती लावून. त्याची कुठे नोंद झाली नाही. ते काम करणाऱ्या बायकांपैकी बऱ्याच आता नाहीत. ज्या आहेत त्यांची बोटं वाकडी झाली आहेत. म्हणून हे लिहून ठेवावंसं वाटतं.

बस्कराची सुरुवात पोत्यापासून. १९७२ चा दुष्काळ मराठवाड्याच्या ज्या घरांनी पाहिला, त्यांना मिलो आठवतोच. तांबडी, बेचव ज्वारी. रेशनच्या दुकानासमोर रांग लागायची, आणि खेड्याकडचे नातेवाईक रोजगार हमीवर खडी फोडायला जायचे. त्या काळात घरात कुठलीच वस्तू वाया जात नव्हती, पोतं तर नाहीच. पोत्याची शिवण उसवायची, निघालेली सुतळी गुंडाळून खिळ्याला अडकवायची. पोतं सोड्याच्या पाण्यात रात्रभर भिजवायचं, दगडावर आपटायचं, दोरीवर ताणून वाळवायचं. तरी त्याचा वास जायचा नाही. मग त्याचे चौकोन कापायचे. कडेची चार बोटं सोडून आत कोळशाने रेघ मारायची. पोत्यावरची निळी छापील अक्षरं पाठीमागे तशीच राहायची. आमच्या लहानपणी कुठलंही बस्कर उलटं केलं की अर्ध्यावर तुटलेलं इंग्रजी वाचायला मिळायचं, आणि ते जुळवून वाचायची आमच्यात पैज लागायची. पाठीला जुन्या लुगड्याचं अस्तर लागलं की तो खेळ संपायचा.

लोकर मात्र विकत आणावी लागे, आणि इथे खरी काटकसर सुरू व्हायची. कानपूरची लाल इमली, पंजाबातली धारीवाल ही नावं आमच्या आयांना देवांच्या नावांइतकी पाठ होती. ती महागाची लोकर स्वेटरला. बस्कराला मिळायची ती दुकानदाराने बाजूला काढलेली: रंग न जुळलेली, गाठाळ, उरलेली लडी. गुलमंडीवर आणि पैठण गेटला दुकानं होती. तिथे काउंटरवर लड्या पसरून बायका तासन्‌तास रंग जुळवायच्या. शेजारणी दोघी-तिघी मिळून एक लडी घ्यायच्या आणि घरी येऊन वाटून घ्यायच्या. जुने स्वेटर उसवून मिळायची ती आणखी वेगळी. उसवलेल्या लोकरीला वळ्या पडलेल्या असत. त्या चहाच्या किटलीच्या वाफेवर धरून सरळ करायच्या. लडीचा गुंडा करायचा तर समोर कुणीतरी दोन्ही हात ताठ धरून बसायला हवं. आमच्या पिढीतल्या प्रत्येकाने ते हात धरलेले आहेत. खेळायला जायची घाई, बाहेर मित्रांच्या हाका, आणि मोठ्या काकूंचं एकच वाक्य: "हालू नको रे बाबा, गुंता झाला तर रात्रभर सोडवायला तूच बसशील."

पुढे कॅशमिलॉन आलं. स्वस्त, चकचकीत, कसर न लागणारं. त्यावरून घरात वाद झाले, आणि ते वाद लहान नव्हते. लोकर सोवळ्यात चालते, हा पूर्वापारचा समज. आमच्या आजोबांची धाबळी लोकरीची, पूजेचं आसनही लोकरीचंच. कॅशमिलॉनचं बस्कर देवघरात आलं तेव्हा माईआजीने विचारलं, "ही लोकर कोणत्या मेंढीची?" धाकट्या काकूंनी खरं ते सांगितलं, कारखान्यात होते म्हणून. माईआजीने ते बस्कर हातात घेतलं, उलटसुलट पाहिलं, पुन्हा काकूंच्या हातात दिलं आणि म्हणाली, "काम फार सुरेख झालंय गं. जेवायला ठेव." देवघरात खऱ्या लोकरीचं, पंगतीला कॅशमिलॉनचं, ही वाटणी तिथून पुढे आमच्या घरात कायम राहिली. माईआजीने नाकारताना केलेलं ते कौतुक मला फार मोलाचं वाटतं. त्या घरात सुनेच्या हाताची तारीफ करण्याचे प्रसंग थोडे होते.

आता गाठ कशी मारायची ते सांगते, कारण हे सांगणाऱ्या बायका कमी होत चालल्यात. लोकर काडेपेटीवर आडवी गुंडाळायची, वेढ्याला वेढा चिकटून. पेटी भरली की आजोबांच्या दाढीच्या जुन्या ब्लेडने एका कडेला चर पाडायचा. सगळे तुकडे एका मापाचे पडतात. एक तुकडा घेऊन मधोमध दुमडायचा. क्रोशाची सुई गोणपाटाच्या दोन धाग्यांखालून घालून पलीकडून वर काढायची. तुकड्याचा दुमडलेला फासा सुईच्या आकड्यात अडकवून धाग्यांखालून ओढून आणायचा. मग मोकळी दोन्ही टोकं त्या फाशातून बाहेर काढायची आणि अंगठा व तर्जनीने गच्च ओढायची. झाली एक गाठ. तिच्या शेजारी दुसरी. ओळ संपली की दोन धागे सोडून वरची ओळ. इंचाला चार गाठी धरल्या तरी चौरस इंचात सोळा होतात, आणि दीड फुटांच्या चौकोनी बस्करात ५,१८४. सहा जणांच्या पंगतीची सहा बस्करं म्हणजे तीस हजारांच्या वर गाठी. हे सगळं दुपारच्या दोन तासांतून, मध्ये दार वाजलं की उठून, पाळण्याला झोका देत.

सगळ्यात शेवटी कापणी. ती आमच्याकडे फक्त मोठ्या काकू करायच्या. बस्कर मांडीवर न घेता फरशीवर पसरायचं, कात्री आडवी धरायची, आणि उंच राहिलेली टोकं उडवायची. कापता कापता नक्षी वर यायची. त्याआधी नुसता रंगीबेरंगी झुबका असायचा, मोर आहे का कोंबडा तेही कळायचं नाही. कापणी झाल्यावर हात फिरवला की मेंढीच्या कोकराच्या पाठीवरून फिरवल्यासारखं वाटायचं. खाली पडलेली लोकरीची कात्रणं आम्ही गोळा करायचो. ती बाहुल्यांच्या उशांत जायची.

गालिच्याच्या मागावरचा कारागीर वेगळ्या रीतीने काम करतो. तो ताण्याच्या दोन धाग्यांभोवती लोकर वळवून सुरीने कापतो, ओळ झाली की आडवा बाणा घालून पंजाने ठोकतो. कापड आणि लव त्याच्या हाताखाली बरोबरच तयार होतात. आमच्या बायकांना कापड आयतं होतं, बंगालच्या गिरणीतून आलेलं, आणि तेही धान्य सांडून संपल्यावर हाती पडलेलं. पण एकेक गाठ हाताने मारून चित्र उभं करायचं, हे दोघांचंही सारखंच. ही कुळी एकच आहे असं मी ठामपणे म्हणते.

आणि चित्रं! बस्करांचं खरं वैभव त्यांत होतं. चैत्रात अंगणात चैत्रांगण काढायचं, त्यातली चिन्हं सगळ्यांच्या बोटांत बसलेली: गोपद्मं, शंख, चक्र, सूर्य-चंद्र, तुळशीवृंदावन, कासव, हत्ती, नाग. ती रांगोळीच्या चिमटीतून वळणं घेत उतरायची. गोणपाटाला मात्र वळण माहीत नाही. त्याच्यावर उभा धागा आणि आडवा धागा, इतकंच. गोल काढायचा तर पायऱ्या पायऱ्यांनी जावं लागतं. त्यामुळे चैत्रांगणातलं कासव बस्करावर आलं की त्याची पाठ अष्टकोनी व्हायची, पाय चार चौकोन, डोकं एक त्रिकोण. नागाचं वेटोळं म्हणजे काटकोनांचा जिना. सूर्याचे किरण शंकरपाळे. आज कुठल्याही महागड्या दालनात जो गालिचा लोककला आणि आधुनिक रचना यांचा मेळ म्हणून मांडतात, त्यात हेच असतं: जुनं चिन्ह, नवी भूमिती. आमच्या आत्यांनी आधुनिक चित्रकला पाहिलेली नव्हती. पण गोणपाटाचे धागे मोजता मोजता त्या तिथे पोचल्या. मोजणं नीट जमावं म्हणून काहीजणी मुलांच्या गणिताच्या आलेख-वह्या घ्यायच्या, त्यात रंगीत पेन्सिलीने घरं भरायच्या. त्या वह्यांचे कागद हातोहात फिरायचे. सिल्लेखान्यातला एक कमळाचा कागद पदमपुऱ्यापर्यंत गेला आणि परत आला तेव्हा त्याच्या कमळाला तीन पाकळ्या जास्त होत्या.

औरंगाबादच्या बायकांना आणखी एक गोष्ट आयती मिळाली होती, ती म्हणजे हे शहर. नवाबपुऱ्यात हिमरू विणला जात होता, सुती ताण्यावर रेशमी बाण्याची बदामं आणि वेलबुट्ट्या. पैठण दीड तासावर. मुनिया, आसावली, बांगडी-मोर, अजिंठ्याचं कमळ ही पैठणीची नक्षी ज्यांच्या नशिबात पैठणी नव्हती त्यांनाही तोंडपाठ होती, कारण लग्नकार्यात दुसऱ्यांच्या पदरावर ती डोळे भरून पाहिलेली. बीबीच्या मकबऱ्याच्या दगडी जाळीतली चांदणी सहलीत पाहून घरी येऊन आलेख-वहीत उतरवणारी आमची आत्या होती. 'स्त्री', 'माहेर' अशा मासिकांतून विणकामाचे, भरतकामाचे नमुने येत, तेही कापून ठेवलेले. हे सगळं एका बस्करात एकत्र यायचं आणि कुणाला त्यात विसंगत काही वाटायचं नाही. मधोमध तुळशीवृंदावन, चार कोपऱ्यांत मकबऱ्याच्या चांदण्या, कडेला गिरणीच्या साडीवरून उचललेली काळी-पिवळी तिरकी पट्टी. शेजारच्या मुस्लिम कुटुंबातल्या खालाजान आत्याबरोबर बसून हेच काम करायच्या. त्यांच्या बस्करात पक्षी नसत, वेली असत. त्यांची वेल आत्याच्या मोराभोवती आली आणि आत्याच्या कोयऱ्या त्यांच्या घरी गेल्या.

एक बस्कर मी अजून जवळ ठेवलंय, आत्याचं. जमीन काळी. मध्ये हिरवं कासव, पाठीवर नारिंगी आणि पांढरी घरं एकाआड एक. डाव्या बाजूला हिरवा रंग संपला असावा, कारण मागचा पाय पोपटी आहे. आणि तो पोपटी उगीच वाटू नये म्हणून तिने उजव्या कोपऱ्यातल्या चांदणीच्या गाभ्यात तोच पोपटी दोन गाठींपुरता आणलाय. लोकर कमी पडली म्हणून झालेली गोष्ट तिने दोन गाठींनी ठरवून केल्यासारखी केली. रंगाची अशी जाण शिकवून येते का, मला माहीत नाही. आत्या सातवी शिकलेली होती.

बस्करांवर काय काय बसून झालं! महालक्ष्म्यांच्या जेवणाला सवाष्णी. सत्यनारायणाला जोडपं. बारशाला बाळंतीण. १९८७ च्या जानेवारीत दूरदर्शनवर रामायण सुरू झालं, तेव्हा गल्लीत टीव्ही असलेल्या मोजक्या घरांत रविवारी सकाळी अख्खी आळी जमायची, आणि येताना आपापलं बस्कर काखेत घेऊन यायची. कार्यक्रम संपल्यावर अदलाबदल होऊन भांडणं होऊ नयेत म्हणून पाठीच्या अस्तरावर आद्याक्षर शिवलेलं असे. ते अक्षर घराच्या आडनावाचं असायचं. जिने बस्कर केलं तिचं नाही.

ही गोष्ट मला आजही टोचते. रुखवतात बस्करं मांडली जायची. वधू-वरांची नावं त्यांच्यावर लोकरीने भरलेली असायची, 'सुस्वागतम्' असायचं, लग्नाची तारीखसुद्धा असायची. वऱ्हाडातल्या बायका वाकून बघायच्या, हात लावायच्या, "कुणी केलं हो?" विचारायच्या. उत्तर यायचं, "मुलीकडच्यांनी." विषय तिथे संपायचा. मुलीच्या मावशीने उन्हाळाभर डोळे फोडून केलेलं ते काम रुखवताच्या टेबलावरून ट्रंकेत आणि ट्रंकेतून सासरच्या थप्पीत जायचं.

जगातल्या मोठ्या गालिच्यांचंही बहुधा असंच झालं आहे. लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात अर्दबिलचा प्रसिद्ध इराणी गालिचा आहे, सोळाव्या शतकातला. त्यावर मकसूद काशानी हे नाव आणि हिजरी ९४६ हे साल विणलेलं आहे, म्हणजे इसवी सन १५३९-४०. नाव आहे म्हणूनच लोक त्याच्याबद्दल इतकं बोलतात, आणि ते नावही बहुधा काम करवून घेणाऱ्याचं. लक्षावधी गाठी मारणारी बोटं कुणाची, ते त्यावर नाही. विंडसर राजवाड्याच्या वॉटर्लू दालनातला अवाढव्य गालिचा आग्ऱ्याच्या मध्यवर्ती तुरुंगातल्या कैद्यांनी व्हिक्टोरिया राणीसाठी विणला. त्या कैद्यांची नावं कुणाला ठाऊक आहेत? आपल्या येरवड्याच्या तुरुंगातही इंग्रजांच्या काळात गालिचे विणले जात आणि परदेशी जात. आणि औरंगाबाद ज्या निजामी राज्यात होतं त्याच राज्यातल्या वरंगळचे गालिचे १८५१ च्या लंडनच्या महाप्रदर्शनात मांडले गेले होते. दख्खनला गाठीच्या गालिच्याची ओळख जुनीच आहे. आमच्या माजघरापर्यंत ती कुठल्या वाटेने आली, की तिथे ती स्वतंत्रपणेच उगवली, हे सांगता येणार नाही. पण आली ती बायकांच्या हातात.

अलीकडे जयपूरच्या एका मोठ्या गालिचा कंपनीने 'मनचाहा' नावाने एक उपक्रम चालवलाय. गावागावांतल्या विणकर बायकांना नकाशा न देता उरलेली लोकर द्यायची आणि मनाला येईल ते विणा म्हणायचं. त्यांच्या गालिच्यांत घागरी, उंट, मोर, चुकलेल्या वाटणाऱ्या रेघा, अचानक बदललेला रंग असं सगळं येतं, आणि ते विणणारणीच्या नावासह विकलं जातं. त्यांचे फोटो पहिल्यांदा पाहिले तेव्हा मला उरलेल्या लड्या वाटून घेणाऱ्या आमच्या गल्लीतल्या बायका आठवल्या, आणि बरं वाटलं. नाव लागतंय ही मोठीच गोष्ट.

आमच्याकडे हे काम का थांबलं, याला एकच कारण नाही. १९८५ मध्ये वाळूजला बजाज आली, पाठोपाठ कारखाने आले, शहर सिडकोकडे आणि बीड बायपासकडे पसरलं. पोरी शिकल्या, नोकरीला लागल्या, आणि दुपारचे ते दोन तास संपले. ते संपले हे चांगलंच झालं, त्याबद्दल मला हळहळ नाही. फ्लॅटमध्ये डायनिंग टेबल आलं, पंगत उठली, गुडघे दुखायला लागले. सिमेंटचं, खताचं पोतं प्लॅस्टिकचं झालं. धान्य आणि साखर तागाच्या पोत्यात भरावी म्हणून १९८७ मध्ये केंद्र सरकारने कायदा केला, त्यामुळे मोंढ्यात तागाचं पोतं अजून दिसतं, पण घरात ते येत नाही. घरात येते पाच किलोची पिशवी. ज्या बस्करांवर जावई बसले, ती हळूहळू माठाखाली गेली, मग स्कूटर पुसायला, मग पायरीवर. लोकरीच्या वस्तू वापरल्या की झिजतात, आणि ही वापरण्यासाठीच केली होती. त्यामुळे आज शोधायला गेलं तर सापडतात ती फार वापरली न गेलेली, रुखवतातली. उत्तम बस्करं झिजून संपली.

एक खंत मात्र आहे. मराठवाड्यात मेंढ्या काय कमी होत्या? पावसाळा संपला की धनगरांचे कळप शिवारातून फिरायचे, घोंगडी घराघरांत होती. दख्खनी मेंढीची लोकर जाडीभरडी, काळी-करडी. अंगाला टोचते, पण जमिनीवर अंथरायला तिच्यासारखी टिकाऊ लोकर नाही. सणगर विणकर चिंचोक्याची खळ लावून तिची घोंगडी विणत आले. आमच्या बायकांनी मात्र ती लोकर बस्करात कधी घेतली नाही. त्यांना रंग हवे होते, आणि रंगासाठी लुधियाना-कानपूरकडे बघावं लागलं. आज त्या लोकरीला विचारणारं कुणी नाही. कातरणीनंतर ती उकिरड्यावर जाते असं धनगर स्वतः सांगतात. सुरेश एरियत यांनी या मेंढ्यांच्या लोकरीवर 'देसी ऊन' नावाचा छोटा अॅनिमेशनपट केला, २०२५ मध्ये फ्रान्समधल्या आनेसीच्या महोत्सवात त्याला पुरस्कार मिळाला. परदेशात टाळ्या पडल्या तशा आपल्या बाजारातही त्या लोकरीला गिऱ्हाईक मिळो.

आमच्या घरात निदान एक तरी गिऱ्हाईक तयार झालंय. भाची इंटिरिअर डिझाइन शिकली, पुण्यात नोकरी करते. दिवाळीला आली तेव्हा आत्याचं कासवाचं बस्कर तिने माझ्या कपाटातून काढलं आणि संध्याकाळपर्यंत खाली ठेवलं नाही. मग भावंडांच्या व्हॉट्सअॅप गटावर हाक दिली: कुणाकडे काय उरलंय, त्याचे फोटो टाका, सुलट्या आणि उलट्या दोन्ही बाजूंचे. नांदेडहून आले, लातूरहून आले, एका चुलतभावाने अमेरिकेतून पाठवला, तो रुखवतातलं बस्कर भिंतीवर टांगून बसलाय. प्रत्येक फोटोखाली वाद, हे मोठ्या काकूंचं की धाकट्या काकूंचं. गाठीवरून ओळखता येतं. मोठ्या काकू ओळ उजवीकडून सुरू करायच्या, त्यामुळे त्यांची लव डावीकडे झुकते. धाकट्या काकूंची ताठ उभी. अशी ज्यांची ज्यांची ओळख पटली, त्यांची नावं भाची एका वहीत लिहून घेते आहे, माहेरच्या नावासकट.

ती आता स्वतःही करायला बसली आहे. जाधववाडीच्या मोंढ्यातून पोतं आणलं, धनगराकडून करडी लोकर आणून कातून घेतली. धाकट्या काकू ऐंशीच्या घरात आहेत, डोळ्यांचं ऑपरेशन झालंय, तरी खुर्ची तिच्याजवळ ओढून बसतात. भाचीला सगळं बस्कर करडं आणि पांढरं हवंय, रंग नकोच. काकूंना ते मान्य नाही.

"अगं, सगळंच मातकट कसं चालेल? कासवाचे डोळे तरी लाल कर. नाहीतर ते झोपल्यासारखं दिसतं."

"काकूआजी, लाल घेतला तर सगळी नजर तिथेच जाते."

"जाऊ दे की. बघायलाच तर करतोय. आणि आधी हे बघ, कडेची चार बोटं तू सोडलीच नाहीस. अस्तर दुमडायचं कुठे? ही पहिली ओळ काढ बरं सगळी."

तिने काढली. कासव सध्या पाठीपर्यंत आलंय, डोळ्यांचा निकाल अजून लागायचाय.